मदत हवी आहे: घोडी खरंच रेवाल चालतेय की नुसती पळतेय?

नमस्कार मंडळी. दत्तजयंतीच्या सारंगखेड्याच्या यात्रेतून पाच वर्षांची मारवाडी घोडी आणली. तिथे विकणाऱ्याने रेवाल (स्वाराला दणके न देणारी चाल) दाखवली तेव्हा स्वार जागचा हलत नव्हता. घरी मी बसलो की दहा-वीस पावलं तशी जाते आणि मग माझी कंबर हादरायला लागते.

मला समजलंय ते एवढं: दुडकीत तिरपे पाय (पुढचा डावा नि मागचा उजवा, मग उलट) जोडीने पडतात, दोनच ठोके, आणि मध्ये चारही पाय क्षणभर हवेत, म्हणून दणके. रेवालमध्ये टापा सुट्या सुट्या, चार ऐकू येतात, एक तरी पाय जमिनीवर असतोच. पण एकाच बाजूचे दोन्ही पाय बरोबर पडले तर? मोबाइलवर स्लो मोशनमध्ये पाहिलं तर आमची बाई बऱ्याचदा असंच करते. याला रेवाल म्हणायचं का? मी तरी म्हणणार नाही, पण गावातले जुने स्वार म्हणतात चालेल.

२०१२ साली डीएमआरटी३ या जनुकाचा घोड्यांच्या चालीशी संबंध सापडला, आइसलँडच्या घोड्यांच्या टोल्ट चालीचा संबंधही त्याच्याशी आहे, असं वाचलं. म्हणजे जन्मजात असेल तर शिकवून उपयोग आहे का?

काठियावाडी-मारवाडी पाळणाऱ्यांनी सांगा: लगाम किती धरायचा, आणि सुरुवात साध्या पावलापासून करायची का? नालबंदी मागच्याच आठवड्यात झालीय, खोगीर मात्र जुनंच आहे. तीन पायांवर चालणारे सल्ले नकोत, प्लीज.