गोळीने मेंदू बधिर होतो का?

'सिगारेट सोडायची गोळी मेंदू बधिर करते' हे विधान मला पटत नाही. धुरातले निकोटीन १०-२० सेकंदांत मेंदूत पोचून ज्या रिसेप्टरांना (पेशींवरच्या ग्राहक रेणूंना) चिकटते, त्यांनाच व्हॅरेनिक्लिन, म्हणजे या गोळीतले औषधही चिकटते. मात्र ते त्यांना अर्धवटच चेतवते, त्यामुळे डोपामिन (मजा वाटायला लावणारे मेंदूतले रसायन) थोडेफार स्रवत राहून तलफ सुसह्य होते आणि मध्येच ओढलेल्या सिगारेटची मजा जाते. गोळी सुरू केल्यावर आठवड्याभराने कर्वे रस्त्यावरच्या नेहमीच्या टपरीवर मी चहासोबत एक पेटवली, तर नुसता कडवट धूर लागला आणि निम्मीच विझवली. (चहा मात्र तितकाच गोड होता.)

या गोळीच्या मानसिक दुष्परिणामांबद्दल अमेरिकेत २००९ साली दिलेला ठळक इशारा, सुमारे ८,००० जणांवरील चाचणीनंतर, २०१६ मध्ये काढून टाकण्यात आला. तरीही पूर्वी नैराश्य येऊन गेले असेल तर ते डॉक्टरांना आधीच सांगावे. मळमळ आणि चित्रविचित्र स्वप्ने मात्र खरी. ती मीही भोगली.

सिगारेट सोडण्यासाठीचा दुसरा पर्याय असलेले निकोटीनचे च्युइंगगम सुपारीसारखे सतत चघळायचे नसते. जीभ चुरचुरू लागताच ते गालात दाबून ठेवावे, कारण निकोटीन तोंडाच्या अस्तरातून सावकाश शोषले जाते आणि गिळले तर बरेचसे वाया जाते.