गरुडातील क्षयरोगाचे निदान कसे करावे?

प्रश्न: उपचारासाठी आणलेला एक रानटी गरुड भरपूर खातो, तरीही त्याच्या छातीचे स्नायू झिजत चालले आहेत. विष्ठेच्या तपासणीत क्षयाचे जिवाणू आढळले नाहीत. मग क्षय नाही, असे समजावे का?

उत्तर १: तसे समजू नये. पक्ष्यांतील क्षय बहुधा मायकोबॅक्टेरियम एव्हियम या जिवाणूमुळे होतो, आणि शिकारी पक्ष्यांत तो बाधित भक्ष्यातून पोटात जात असल्यामुळे गाठी फुप्फुसांपेक्षा यकृत, प्लीहा व आतड्यांत अधिक आढळतात. जिवाणू विष्ठेतून अधूनमधूनच बाहेर पडतात. म्हणून एका नमुन्यावर विसंबू नये. एक्स-रे, पांढऱ्या पेशींची मोजणी आणि यकृताच्या तुकड्याची तपासणी करून घ्यावी. शिशाची विषबाधाही वगळावी, कारण तिच्यातही पक्षी असाच खंगतो.

उत्तर २: तोपर्यंत त्याला इतर पक्ष्यांपासून वेगळे ठेवावे, ही कळकळीची विनंती. हे जिवाणू मातीत वर्षानुवर्षे टिकू शकतात.

प्रश्नकर्ता: निदान पक्के झाल्यास तो औषधांनी बरा होईल का?

उत्तर १: औषधे अनेक महिने द्यावी लागतात, जिवाणू त्यांना सहसा दाद देत नाहीत, आणि असा पक्षी रानात सोडणे इतरांसाठी धोक्याचे असते, त्यामुळे पशुवैद्यक बहुधा वेदनारहित मृत्यूचा सल्ला देतात, आणि कितीही जड गेले तरी मला तोच योग्य वाटतो.