स्वस्त हॉलोबॉडीवाले समाधानी असतात ते त्यांना काही कळत नाही म्हणून?

मंद्रसप्तक
काल दुसऱ्या एका धाग्यावर कोणीतरी ठोकून दिलंय की चीन, इंडोनेशिया नाहीतर कोरियात बनलेली स्वस्त हॉलोबॉडी (आतून पोकळ इलेक्ट्रिक गिटार) घेऊन जे लोक खूश असतात ते खूश असतात कारण त्यांनी खरी हॉलोबॉडी कधी मांडीवर घेतलेलीच नसते. तिथे दोन ओळी लिहून सोडून देणार होतो पण रात्रभर डोक्यात तेच, म्हणून वेगळा धागा.

खरी म्हणजे कुठली हो? गिब्सनची ईएस-१७५ आली १९४९ साली, ती लॅमिनेटेड (पातळ थर चिकटवलेल्या, म्हणजे प्लायच्या) मेपलचीच. ईएस-३३५ आली १९५८ ला, तीही लॅमिनेट, फक्त पोटात मेपलचा ठोकळा. ज्या प्लायला नाकं मुरडली जातायत त्याच प्लायवर कित्येक वर्षांचा जॅझ वाजलाय. आणि तो वापरण्यामागे कारण होतं, कोरलेला सॉलिड टॉप अँपसमोर जास्त मोकळेपणाने थरथरतो आणि फीडबॅक (अँपची शिट्टी) लवकर सुटतो, उलट साच्यात दाबून काढलेला प्लाय ताठ राहतो, एकसारखा बनतो, आणि भराभर बनतो. म्हणजे लाकडावरून भांडायला इथे मुळात जागा कमी. उरलं काय, तर फ्रेट (पडदे), नट (वरच्या टोकाची, तारांच्या खाचांची पट्टी), पिकअप (तारांची थरथर पकडून अँपला देणारे), वायरिंग, फिनिश. यातलं फ्रेट आणि नटचं काम चांगल्या कारागिराला एका दुपारचं आहे.

माझ्याकडे चीनमध्ये बनलेली आयबनेझची आर्टकोर आहे, फुल हॉलो, बरीच वर्षं झाली. नेक (मान) जागचा हलला नाही. बाइंडिंग (कडेची पट्टी) कुठे सुटलं नाही. रोज वाजते. लोक तिचं कौतुक करताना प्रत्येक वेळी मागे 'या किमतीला' लावतात त्याचा मला वैताग आलाय. मला ती आवडते, किंमत बाजूला ठेवून आवडते, आणि यात माझं अज्ञान कुठे दिसतं ते कोणीतरी दाखवावं.

कोरा_मेपल
ते लिहिणारा मीच. नाव घेऊन लिहिलं असतं तरी चाललं असतं.

माझा मुद्दा अर्धाच उचललात. मी म्हणतोय की हे समाधान पहिल्या आठवड्यातलं असतं. खोका उघडला, सनबर्स्ट चमकला, एफ-होलमधून लॅकरचा वास आला की लोक पाच तारे देऊन मोकळे. दोन कोरडे ऋतू जाऊ देत मग विचारा. माझी एक सेमी-हॉलो (मधे ठोकळा असलेली) होती, कंपनी सांगत नाही. हवा कोरडी झाली तशी फिंगरबोर्ड (फ्रेट बसवलेली लाकडी पट्टी) आकसली आणि फ्रेटची टोकं दोन्ही कडांना बाहेर आली, हात वर-खाली सरकवला की तळव्याला करवत लागावी तसं. नटच्या खाचा इतक्या उथळ की तारा उंचावर, पहिल्या फ्रेटवर एफ धरला की सगळे सूर चढे. त्यात एक दिवस जॅकचा (केबल खोचायच्या भागाचा) आवळायचा नट ढिला होऊन जॅक आत पडला. कारागिराकडे नट, फ्रेट, मग वायरिंग. एवढं झाल्यावर ती छान वाजायला लागली हे खरं, पण मग ती कारखान्याने बनवली की कारागिराने? समाधानाचं श्रेय कोणाला देताय ते आधी ठरवा.

आणि लॅमिनेट म्हणजे लॅमिनेट हे साफ चूक. प्लाय किती जाड, आतल्या पट्ट्या कशा, यावर सगळं ठरतं. जाड प्लाय आणि वर पॉली फिनिशचा जाड थर दिला की गिटार पोकळ असून मुकी.

शेवटचा_सूर
मंद्रसप्तक यांच्याशी सहमत, पण वेगळ्या कारणाने. एपिफोनची कसिनो १९६१ ला आली, पूर्ण पोकळ, ठोकळा नाही, पी-९० पिकअप. बीटल्सपैकी तिघांकडे होती. आज एपिफोन तीच रचना चीनमधल्या कारखान्यात बनवतं आणि मी तीच स्टेजवर वाजवते. अँपच्या तोंडासमोर उभी राहिले की आरडाओरडा, जरा तिरकी झाले की बंद, आणि हा त्रास महागड्या कसिनोलाही तेवढाच आहे. लोक रचनेचे गुणदोष कारखान्याच्या नावावर खपवतात. 'स्वस्त आहे म्हणून फीडबॅक येतो' असं लिहिलेलं वाचलं की संताप होतो. पोकळ आहे म्हणून येतो!

डागवाला
कोरा_मेपल, जॅक आत पडला यासाठी कारागिराकडे गेलात? एक जुनी तार घ्यायची, जॅकच्या भोकातून आत घालून एफ-होलमधून बाहेर काढायची, तिचं टोक जॅकच्या तोंडात अडकवायचं, ओढायचं, वॉशर आणि नट लावायचा. सोल्डर काढायचंही काम नाही. ही काही गिटारमधली खोट नव्हे.

पॉट (आवाज-टोनचे नॉब ज्यांच्या दांड्यावर बसतात ते भाग) बदलायचे तरी तेच. प्रत्येक पॉटच्या दांड्याला दोरा बांधायचा, मग पॉट आत सोडायचे, दोरे भोकांतून बाहेर लोंबकळत ठेवायचे. नवीन हार्नेस (पॉट आणि वायरींचा जोडलेला संच) आधी पुठ्ठ्यावर मांडून डाग देऊन घ्यायचा आणि दोऱ्यांनीच जागेवर ओढून आणायचा. फुल हॉलोत तर ब्रिज पिकअप काढला की केवढं मोठं भोक मिळतं.

सहावी_तार
दोरा निसटतो. हमखास निसटतो, तोही शेवटच्या पॉटला. पातळ रबरी नळी दांड्यावर घट्ट बसवायची, ती धरून ठेवते आणि पॉट फिरूही देत नाही. दोऱ्याचा सल्ला देणाऱ्यांनी सेंटर ब्लॉकवाली गिटार उघडलेली नसते असं माझं स्पष्ट मत आहे.

डागवाला
उघडलेल्या आहेत, तुमच्यापेक्षा जास्त. दोऱ्याला गाठ नीट मारता आली पाहिजे.

कोरा_मेपल
तुम्हा दोघांना कळतंय का तुम्ही माझाच मुद्दा सिद्ध करताय? मालकाला नळ्या आणि दोरे घेऊन बसावं लागतंय.

आणि 'सोपं आहे' म्हणत नवशिक्यांच्या हातात सोल्डरिंग आयर्न देणाऱ्यांवर माझा खरा राग आहे. या गिटारींत बहुतेक वेळा मेट्रिक छोटे पॉट असतात. लोक इथलं वाचून इंचातले मोठे अमेरिकन पॉट आणतात, ते ३/८ इंचाचे, भोकात जात नाहीत, मग ड्रिल. प्लायच्या वरच्या थराचा टवका उडतो, फिनिशला तडा जातो. वर जुने नॉब नव्या दांड्यावर बसत नाहीत कारण दातेच वेगळे. माझ्या ओळखीच्या एका मुलाने अशी चांगली गिटार हकनाक खराब केली. तुमच्यासारख्यांचे सल्ले वाचून.

डागवाला
माझा सल्ला वाचून नाही! मी ड्रिल करा असं कधी, कुठे लिहिलंय ते दाखवा. मी उलट शंभरदा सांगतो की पॉट खरखरत असेल तर आधी क्लीनर मारा, तेवढ्याने नाही भागलं तर मेट्रिकच पॉट आणा. भोक मोठं करायचंच असेल तर ड्रिल नको, हाताने रीमर (भोक हळूहळू रुंद करणारं हत्यार) फिरवा, सावकाश, वर मास्किंग टेप लावून. असा आरोप करताना दहादा विचार करा.

सहावी_तार
रीमर +१. दोऱ्यावर अजूनही असहमत.

घासलेला_फ्रेट
अवांतर आहे पण लिहितोच. सगळे 'कारखाना, कारखाना' करताय, कारखान्यात माणसं असतात याचा कोणी उल्लेख करेल म्हणून वाट बघत होतो. २००७ साली कोर्ट (Cort) या गिटार कंपनीने कोरियातले कारखाने बंद केले, उत्पादन चीन-इंडोनेशियाकडे, कामगार रस्त्यावर. त्यांचा लढा २०१९ पर्यंत चालला. त्याच कारखान्यांत मोठमोठ्या ब्रँडच्या गिटारी बनत होत्या. कोरियात मजुरी वाढली की इंडोनेशिया, तिथून आणखी कुठे. मालक समाधानी आहे का हे विचारताना ज्याने नट कापला तो समाधानी आहे का हेही विचारा. नटच्या खाचा का राहतात माहितीये? कानस चालवायला वेळ लागतो, आणि वेळच तिथे कापला जातो. त्या माणसाला खोलवर कापता येत नाही असं नाही, त्याला वेळ दिलेला नाही.

शेवटचा_सूर
हे पटलं. आणि यातूनच कोरा_मेपल यांचं 'कारखान्याने की कारागिराने' हे कोडं सुटतं. नटचं काम कारखान्यात अर्धवट सोडलं जातं, ते नंतर कोणीतरी पूर्ण करतं. गिटार तीच.

एक सांगते, सत्तरच्या दशकात जपानमध्ये बनलेल्या गिटारींना लोक असंच हिणवायचे. एपिफोनसुद्धा तेव्हा तिथेच बनत होती. आज त्याच गिटारी लोक शोधत फिरतात. जॅझ गिटारवादक जॉर्ज बेन्सनची आयबनेझ जीबी१० १९७७ ला आली, जपानचीच.

कोरा_मेपल
ताई, जपानचं उदाहरण इथे चालत नाही. जीबी१० स्वस्त नव्हती आणि नाही. वरच्या दर्जाची परदेशी आणि स्वस्त परदेशी यांची सरमिसळ करू नका, ग्रेचच्याही महागड्या जपानी गिटारी आणि त्यांची स्वस्त स्ट्रीमलाइनर मालिका या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

निमसूर
लॉरेलच्या फिंगरबोर्डबद्दल कोणीच बोलत नाहीये. जानेवारी २०१७ ला रोझवूडवर साइट्सचे (वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापाराचा आंतरराष्ट्रीय करार) निर्बंध आले आणि स्वस्त गिटारींवर फिकट, कोरडं लॉरेल आलं. नोव्हेंबर २०१९ ला तयार वाद्यांना सूट मिळाली तरी कित्येक मॉडेलांवर लॉरेल तसंच. माझा असमाधानाचा मुद्दा हाच.

सहावी_तार
तेल लावा.

निमसूर
लावलंय. रंग गडद झाला, माझं मत नाही.

पाचवा_पडदा
ज्येष्ठांच्या भांडणात पडतोय, माफ करा. माझ्या नव्या फुल हॉलोवर लाकडी फ्लोटिंग (न चिकटवलेला, तारांच्या दाबावर उभा) ब्रिज आहे. पाच तारा बाराव्या फ्रेटवर सुरात, तिसरी मात्र चढीच, ब्रिज कितीही सरकवला तरी. ही कारखान्याची खोट समजायची का? परत करू का?

डागवाला
परत करू नकोस रे. तुझी तिसरी तार साधी आहे का, बिनगुंडाळीची? लाकडी सॅडलच्या (ब्रिजचा तारा टेकतात तो भाग) पायऱ्या बहुतेक वेळा गुंडाळलेल्या तिसऱ्या तारेसाठी कापलेल्या असतात. साधी तार लावलीस की ती चढी लागणारच. बाराचा (पहिली तार ०.०१२ इंच) फ्लॅटवाउंड (सपाट गुंडाळीचा) सेट घे, त्यात तिसरी गुंडाळलेली येते. एक मात्र कर, नटच्या खाचा बघून घे, जाड तारा बसल्या नाहीत तर अडकतील. आणि सगळ्या तारा एकदम काढू नकोस, ब्रिज सुटून येईल. एकेक बदल, आधी ब्रिजच्या पायांशी टेपने खूण करून ठेव.

कोरा_मेपल
हा सल्ला बरोबर आहे. डागवाल्यांचा आहे तरी.

आणि हे लिहून ठेवतो म्हणजे मला कोणी हटवादी म्हणणार नाही: नेक आणि बॉडी बनवण्यात हे कारखाने आता चांगले आहेत, मागच्या काही वर्षांत वाकडा नेक मी पाहिलेला नाही. एवढं मान्य. पण माझी मूळ अट कायम, दोन वर्षं वापरलेल्या मालकाचंच मत धरा, खोका उघडणाऱ्याचं नको.

मंद्रसप्तक
मग माझं धरा की! मी वर काय लिहिलंय? बरीच वर्षं. तुमची अट मी आधीच पूर्ण केलेली आहे आणि तरी तुम्ही मला 'कळत नाही' यात मोजलंत, माझा राग त्याच्यावर होता आणि अजून आहे. पिकअपही कंपनीचेच आहेत, बदललेले नाहीत. नेक पिकअप, टोन अर्ध्यावर, फ्लॅटवाउंड. कोणाला ऐकायचं असेल तर रात्री रेकॉर्डिंग टाकतो, आणि कोरा_मेपल, तुम्ही ऐकून मुकी वाटते का ते इथेच लिहा.

कोरा_मेपल
टाका. अँप कुठला आणि माइक कुठे ठेवला तेही लिहा, नाहीतर त्यावरून पुन्हा धागा काढाल.

सहावी_तार
पाचवा_पडदा, पुढेमागे पॉट बदललेस तर नळी वापर. दोरा नको.