चर्चवर जाहीर टीका झाली की आपण भाविक नेमके काय करतो?

बावखल (प्रश्न)

मी वसईतील कॅथलिक कुटुंबातला असून दर रविवारी मिस्सेला, म्हणजे चर्चमधील सामूहिक उपासनेला, जातो. प्रश्न बाहेरच्या माणसाने विचारला आहे असा समज होऊ नये, म्हणून हे आधीच सांगतो. आमच्या धर्मग्रामाच्या (एका चर्चभोवतीच्या भाविकांच्या वस्तीच्या) व्हॉट्सअ‍ॅप गटावर एकाने परदेशातील काही धर्मगुरूंनी मुलांवर केलेल्या लैंगिक अत्याचारांविषयीची बातमी टाकली. तिच्यातील मजकुरावर कोणी चकार शब्द काढला नाही. ते वृत्तपत्र कोणाचे, टाकणाऱ्याचा हेतू काय, तो यंदा नोव्हेनाला (नऊ दिवसांच्या प्रार्थनेला) दिसला होता का, याचीच चौकशी सुरू झाली, आणि संध्याकाळपर्यंत ‘फक्त अ‍ॅडमिन संदेश पाठवू शकतात’ अशी ओळ गटावर झळकली. श्रद्धा बाळगणाऱ्या माणसाने अशा टीकेला कसे सामोरे जावे? मौन पाळणे हीच निष्ठा मानायची का?

जुना वर्गणीदार

आपल्या गटावर जे घडले ते अमेरिकेतील बोस्टनमध्ये फार मोठ्या प्रमाणावर घडून गेले आहे. १९९२ मध्ये शेजारच्या धर्मप्रांतातील (बिशपच्या अखत्यारीतील प्रदेशातील) एका माजी धर्मगुरूचे प्रकरण गाजत असताना बोस्टनचे कार्डिनल बर्नार्ड लॉ यांनी प्रसारमाध्यमांवर, विशेषतः ‘बोस्टन ग्लोब’वर, देवाच्या सामर्थ्याचा कोप व्हावा अशी भाषा वापरली होती. जानेवारी २००२ मध्ये त्याच वृत्तपत्राने कागदपत्रांच्या आधारे दाखवून दिले, की तक्रारी असलेल्या धर्मगुरूंना एका धर्मग्रामातून दुसऱ्या धर्मग्रामात हलवले जात होते आणि नव्या ठिकाणच्या पालकांना त्याची कल्पनाही दिली जात नव्हती.

मात्र माझ्या मते खरा धडा वृत्तपत्राकडून नव्हे, तर भाविकांकडून घेण्यासारखा आहे. वेलस्ली या उपनगरातील एका चर्चच्या तळघरात नेहमी मिस्सेला येणारी मंडळी जमू लागली आणि त्यातून ‘व्हॉइस ऑफ द फेथफुल’ ही संघटना उभी राहिली. श्रद्धा सोडायची नाही, पण चर्च बदलायचे, अशी त्यांची घोषणा होती. त्यांनी धर्मप्रांताच्या सेवाकार्यासाठी गोळा केलेला निधीसुद्धा धर्मप्रांताने नाकारला, आणि संघटनेच्या नव्या शाखांना चर्चच्या आवारात बैठका घेण्यास मनाई झाली. वर्षअखेरीस कार्डिनलांनी पद सोडावे असे पत्र ५८ धर्मगुरूंनी सह्यांनिशी लिहिले आणि डिसेंबर २००२ मध्ये लॉ यांनी राजीनामा दिला. या साऱ्यांना चर्चचे शत्रू ठरवायचे असेल, तर मग वेदीसमोर गुडघे टेकणारे उरतात तरी कोण?

चिलीतील ओसोर्नो या शहराचे उदाहरण तर याहून बोलके आहे. अत्याचारी धर्मगुरू म्हणून व्हॅटिकनने २०११ मध्ये दोषी ठरवलेल्या फर्नांदो करादिमा यांच्या निकटच्या वर्तुळातील हुआन बारोस यांची तेथे बिशप म्हणून नेमणूक झाली. करादिमांची कृत्ये त्यांना ठाऊक होती असा पीडितांचा आरोप होता, तो बारोस यांनी सतत नाकारला. मार्च २०१५ मध्ये पदग्रहणाच्या दिवशी कॅथेड्रलमध्ये काळे कपडे घातलेले, काळे फुगे हाती घेतलेले भाविक आले आणि त्यांच्याच शेजारी पांढरे फुगे घेतलेले बारोस यांचे समर्थक उभे होते. आंदोलकांना पोप फ्रान्सिस यांनी आधी डाव्यांच्या नादी लागलेले मूर्ख म्हटले आणि जानेवारी २०१८ मध्ये आरोपांना बदनामी ठरवले. पुढे त्यांनीच चौकशीसाठी पाठवलेले आर्चबिशप स्किक्लुना यांचा अहवाल हाती आल्यावर पोपनी आपली गंभीर चूक झाल्याचे लिहून कळवले, पीडितांना रोममध्ये बोलावून त्यांचे ऐकून घेतले आणि जूनमध्ये बारोस यांचा राजीनामा स्वीकारला. तीन वर्षे हेटाळणी सोसणारे ते भाविक चर्च सोडून गेले असते, तर ती चौकशी झाली असती का, याची मला शंका आहे.

उत्तरकोकणी

वरील विवेचन मान्य आहे, परंतु बोस्टनमधील कॅथलिक माणूस आणि आपण यांच्यातील फरक त्यात सुटला आहे. तेथे कॅथलिक समाज बलाढ्य होता. येथे आपण मूठभर आहोत. ओडिशातील कंधमालमध्ये २००८ साली ख्रिस्ती लोकांवर झालेले हल्ले आपण विसरलेलो नाही. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी निवड झाली तेव्हा आयुष्यभर मराठीत लिहिलेल्या त्या माणसाला केवळ धर्मगुरू म्हणून विरोध सहन करावा लागला. अशा वातावरणात बातमी दिसताच माणसे आधी दार लावून घेतात, यात मला दुष्टपणा दिसत नाही, भीती दिसते. टीका करणाऱ्यांपैकी काहींना पीडित मुलांशी काडीचेही देणेघेणे नसते, हेही खोटे नाही.

काळा कोट

भीती समजते, पण टीकाकाराचा हेतू वाईट असला म्हणून त्याने मांडलेली हकीकत आपोआप खोटी ठरत नाही. न्यायालयात आम्ही साक्षीदाराच्या हेतूवर उलटतपासणी घेतो, तरी कागदपत्रे वाचायचे टाळत नाही.

दोन गोष्टी निश्चित सांगता येतील. चर्चच्या १९८३ च्या धर्मनियमसंहितेतील २१२ वा नियम असे म्हणतो, की चर्चच्या हिताच्या बाबतीत आपले मत धर्मपालांना (बिशप व धर्मगुरूंना) आणि इतर भाविकांना कळवण्याचा हक्क, आणि प्रसंगी ते कर्तव्यही, भाविकांना आहे. अट आदराची आहे, मौनाची नाही. दुसरे म्हणजे भारतातील २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या १९ व्या कलमानुसार मुलावरील लैंगिक अत्याचाराची माहिती असलेल्या कोणालाही ती पोलिसांना कळवावीच लागते. संस्थाप्रमुखाने हाताखालच्या व्यक्तीचा असा गुन्हा कळवला नाही, तर २१ व्या कलमाखाली त्याला एक वर्षापर्यंत कारावास होऊ शकतो. त्यामुळे ‘घरातले घरात मिटवू’ हा पर्याय कायद्याने शिल्लकच ठेवलेला नाही.

बावखल

सर्वांचे आभार. उत्तरकोकणींनी सांगितलेली भीती आमच्याही घरात आहे, आईने तर मला गटावर काही लिहू नकोस असेच बजावले. म्हणून गटावर वाद न घालता धर्मग्राम मंडळाला लेखी पत्र देऊन विचारणार आहे: धर्मशिक्षणाच्या वर्गांत शिकवणाऱ्यांना पॉक्सोची माहिती दिली जाते का, आणि एखाद्या पालकाला तक्रार करायची असेल तर धर्मप्रांतात ती कोणाकडे करायची? पत्राचा मसुदा काळा कोट यांनी एकदा नजरेखालून घातला तर बरे होईल.

काळा कोट

जरूर पाठवा. बातमीचा उल्लेख त्यात करू नका, नाहीतर पुन्हा वृत्तपत्राच्या मालकावरच चर्चा होईल. आणि पत्राची पोच मात्र तारखेसह घ्या.