प्रतिसाद: देवळाची पाटी आणि त्याचं वय

वर कुणीतरी म्हटलंय की सातारा भागातल्या या जुन्या ख्रिस्ती देवळाच्या (चर्चच्या) पाटीवर 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' आहे, म्हणजे हे देऊळ इंग्रजांनी बांधलेलं. तसं नाही. ते नाव 1970 सालचं. त्या वर्षी अनेक वेगवेगळ्या चर्च-संस्था एक झाल्या. पाचगणीचं सेंट पीटर्स चर्च इंग्रजांच्या वस्तीसाठीचं, हे खरं. पण सातारा-वाईकडच्या खेड्यांतलं काम मुख्यतः अमेरिकन मराठी मिशनचं, म्हणजे अमेरिकेतून आलेल्या मिशनऱ्यांचं, आणि ते लोक मुंबईत 1813 सालीच उतरले होते. त्यांच्यात बिशप, म्हणजे वरचा धर्माधिकारी, नव्हता. मंडळी (गावचा भाविकांचा समूह) आणि तिचा पाळक (पाद्री), एवढंच. म्हणून जुन्या कागदांत 'पॅरिश' (बिशपच्या हाताखालचा विभाग) शोधू नका, 'मंडळी' शोधा.

आणि ख्रिस्ती कवी रेव्ह. नारायण वामन टिळकांना विसरू नका! शेवटच्या काळात ते साताऱ्यात राहिले. 1917 साली 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा मेळा त्यांनी इथेच उभा केला. माझी आजी त्यांची भजनं टाळ धरून म्हणायची, डोळे मिटून, ओव्या म्हणाव्यात तशी. वहीची तिला कधी गरज पडली नाही.

देवळाचं वय काढायचं तर आधी पाळकांकडची बाप्तिस्म्याची (ख्रिस्ती दीक्षेच्या नोंदींची) वही बघा. पानं तुटायला आलीत, जपून उलटा. फोटो काढून ठेवा, पण या पावसाळ्याच्या आत.