फिजीवाल्या शेजारणी, मित्र, सहकारी: तुमचे अनुभव लिहा

मीठभाकर:
आज १४ मे, गिरमिट दिन. १८७९ साली याच दिवशी ‘लिओनिडास’ जहाज कलकत्त्याहून मजूर घेऊन फिजीला लागलं. सकाळी रेडिओवर ऐकलं आणि पापाटोएटोएच्या शेजारणीची आठवण दाटून आली. ऑकलंडात नवीन होतो, मी बाळंतीण, घरात मदतीला कोणी नाही. त्यांनी कुंपणावरून आइस्क्रीमचा डबा पुढे केला. आत अळूची पानं, नारळाच्या दुधात शिजवलेली. "रोरो है, खाओ." हाक काय मारू विचारलं तर म्हणाल्या, "आजी बोलो." त्यांच्यातही वडिलांच्या आईला आजीच म्हणतात! मला तिथेच रडू फुटलं. १९८७ च्या लष्करी उठावानंतर दोन बॅगा घेऊन निघालेलं कुटुंब. आजा भारतातल्या कुठल्या गावचे, ठाऊक नाही. जहाज तेवढं ठाऊक.
तुम्हाला कोण भेटलं?

चिंचगूळ:
चिंचेशिवाय अळू खाजत नाही?

मीठभाकर:
नाही गं, पार मऊ होईपर्यंत शिजवतात.

बेळगावकर:
गिरमिट म्हणजे आमच्याकडे चुरमुरे! भूक लागली वाचून 😄

ओटाहुहूकर:
@बेळगावकर हे ‘अ‍ॅग्रीमेंट’चं गिरमिट, पाच वर्षांचा करार. माझ्या गोदामात फोर्कलिफ्टवर एक फिजीतल्या लंबासाचा आहे. उसाची जमीन भाडेपट्ट्याची, मुदत संपली, पट्टा पुन्हा मिळाला नाही. वडिलांनी घराचे पत्रे स्वतः उतरवले म्हणे. तो विचारतो, "आपण फिजीचे, मग इथल्या जनगणनेत एशियनमध्ये का धरतात?" काय सांगणार त्याला. वाईट वाटतं.

सिडनीची सून:
आमच्या सिडनीतल्या लिव्हरपूलला खूप फिजीवाले. नंगोना, म्हणजे कावाच्या मुळांचं पेय, प्यायला बसवलं एकदा. करवंटी हातात, आधी एक टाळी, पिऊन झाल्यावर तीन. जीभ बधिर! बाळ उठलं, नंतर लिहिते.

चिंचगूळ:
ताई, आजी आहेत का अजून?

मीठभाकर:
नाही गं, तीन वर्षं झाली. दर मंगळवारी त्यांच्याकडे रामायण मंडळी बसायची. ढोलक सुरू झालं की मला पोथीसमोर बसवायच्या. उच्चार चुकला की मांडीवर हलकी चापट. आईनंतर तसं कुणी मारलं नव्हतं.

चिंचगूळ:
😢 पानं कुठे मिळतील? करून बघते.

ओटाहुहूकर:
शनिवारी ओताराच्या बाजारात. सकाळी लवकर जा, नंतर राहत नाहीत.