रोपं बाहेर ठेवली आणि पानं पांढरी पडली, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, आम्ही शिकागोच्या पश्चिमेला सबर्बमध्ये राहतो. मागच्या वर्षी घर घेतलं तेव्हापासून डोक्यात बाग घोळतेय, म्हणून यंदा मार्चमध्ये बेसमेंटमध्ये एलईडी लाईटखाली बिया टाकल्या, टोमॅटो, लवंगी मिरची, काटेरी वांगी, आणि गेल्या पंधरवड्यात हौसेपोटी दोन दुधी. लाल पार्टी कपांना खाली भोकं पाडली, प्रत्येकावर टेप लावून नावं लिहिली, चौतीस कप झाले. रोपं मस्त आली होती हो, वांग्याला सहा-सहा पानं.

तर परवा शनिवारी पहिल्यांदा ७० डिग्री फॅरनहाइट (म्हणजे साधारण २१ सेल्सिअस) झालं, लख्ख ऊन, म्हटलं बिचारी दोन महिने तळघरात आहेत जरा हवा खाऊ देत, म्हणून सकाळी दहाला सगळे ट्रे डेकवर ठेवले आणि आम्ही लेकाच्या सॉकरला गेलो, तिथून ग्रोसरी, घरी यायला चार वाजले. टोमॅटोंनी माना टाकलेल्या. पाणी घातलं तशी तासाभरात उभी राहिली, पण काल सकाळी बघते तर मिरची आणि वांग्याच्या पानांवर पांढरे डाग, कुणीतरी चुन्याचं बोट फिरवल्यासारखे, हाताला कागदासारखे कोरडे लागतात. शेंड्याची बारकी पानं ठीक आहेत. उलटी करून पाहिली, मावा नाही, जाळीबिळी काही नाही. हा रोग आहे की ऊन लागलंय? पण ७० डिग्रीला कसलं ऊन लागतंय, आपल्याकडे भर मे महिन्यात वांगी रानात उभी असतात की!

आई सध्या साताऱ्याहून आलीये. तिने बघितल्या बघितल्या विचारलं, "आधी पाणी तोडलं होतंस का गं? रोप उपटायच्या आधी चार-पाच दिवस पाणी कमी करतात, म्हणजे ते चिवट होतं. तू नुसती पाजत बसलीस." आणि आता म्हणते उन्हं उतरली की आजच लावून टाक, जमिनीत गेलं की धरतं. शेजारचे पोलिश आजोबा कुंपणावरून सांगून गेले की मदर्स डेच्या आधी टोमॅटो जमिनीत नाही. तो येत्या रविवारी आहे, आणि फोनवर गुरुवारी रात्री ३८ फॅरनहाइट (जेमतेम ३ सेल्सिअस) दाखवतंय. कुणाचं ऐकू? डागवाली पानं खुडू का? शिवाय टोमॅटो काडीसारखे फूटभर वाढलेत, त्यांचं काय करायचं?

प्रतिसाद

ऊन लागलंय, रोग नाही. घाबरू नका, पहिल्या वर्षी आमच्या सगळ्या मिरच्या अशाच भाजल्या होत्या. लाईटखाली वाढलेलं पान पातळ असतं, त्याच्यावरचा मेणासारखा थर नीट तयार झालेला नसतो आणि खरं ऊन त्याने कधी बघितलेलंच नसतं. इथे प्रश्न गरमीचा नाही, उजेडाचा आणि वाऱ्याचा आहे.

तुमच्या आईंचं पाणी तोडायचं बरोबरच आहे, फक्त आपल्याकडे रोप गादीवाफ्यावर पहिल्या दिवसापासून उघड्या उन्हात वाढलेलं असतं, त्यामुळे शेवटी पाणी तेवढं कमी केलं की भागतं. इथे ऊन, वारा आणि रात्रीचा गारवा, तिन्हीची सवय लावायला लागते. आठ-दहा दिवस धरा. पहिले दोन दिवस सावलीत तासभर, मग दोन-तीन तास, मग सकाळचं कोवळं ऊन, असं वाढवत न्यायचं, दुपारचं ऊन अगदी शेवटी. पाणी कमी म्हणजे वरची माती सुकू द्यायची, रोप वाळवायचं नाही, एवढुशा कपात ते पटकन जातं. शनिवारचा डोस जास्त झालाय, तर पुन्हा सावलीपासून सुरू करा.

पानं खुडू नका. डाग जाणार नाहीत, पण उरलेला हिरवा भाग काम करत असतो. नवी चार पानं आली की खुशाल काढा.

प्रतिसाद

गुरुवारी सगळं आत, अजिबात विचार करू नका. ३८ आहे म्हणून निर्धास्त राहू नका, ते तापमान जमिनीपासून पाचेक फूट वर मोजलेलं असतं, आभाळ निरभ्र असेल आणि वारा पडला असेल तर खाली गवतावर तेव्हाही हिंव पडू शकतं.

शेजारच्या आजोबांचं टोमॅटोपुरतं ऐका. रात्री ५० च्या वर राहायला लागल्या की टोमॅटो, मिरची-वांग्याला ५५ तरी हवं. लवकर लावून फायदा काही नसतो, गार मातीत वांगं नुसतं बसून राहतं.

लांबुडके टोमॅटो हा काही प्रॉब्लेमच नाही. खालची पानं काढा, चर खणून रोप आडवं झोपवा, वरची चार-सहा पानं बाहेर ठेवा. पुरलेल्या खोडाला सगळीकडून मुळं फुटतात. वांगी-मिरचीला हे करू नका, ती कपात होती तेवढ्याच खोल. दुधीची मुळं हलवलेली त्याला खपत नाहीत, कप कात्रीने उभा कापून मातीच्या गोळ्यासकट ठेवा. आणि पहिल्या दिवसापासून जाळी लावा, ससे वाटच बघतायत.

धागाकर्ती

सगळ्यांचे खूप आभार! गुरुवारी चौतीस कप आत घेतले, शुक्रवारी सकाळी गाडीची काच खरवडायला लागली, म्हणजे वाचलोच. आता ट्रेचा ताबा आईकडे आहे, सकाळी चहा घेऊन डेकवर बसते आणि सावली सरकेल तसे ट्रे सरकवते. मिरचीला नवी पानं आलीत, जाड आणि गडद, बोटाला फरक कळतो. टोमॅटो काल संध्याकाळी आडवे झोपवले.

आता एकच विचारायचंय. आईची परतीची फ्लाईट २६ मेची आहे आणि वांगी तिला स्वतःच्या हाताने लावायचीत. २४ ला लावली तर चालतील का, की खालून काळं प्लास्टिक वगैरे टाकून माती आधी तापवून घेऊ?